रिपोर्ट नॉर्मल, मग पाय का लटपटतात?

हल्ली आई-बाबांवरचं प्रेम दाखवायची एक सोपी ऑनलाइन पद्धत निघाली आहे. वाढदिवसाला साडी नाही, शर्टपीस नाही, ‘सीनियर सिटिझन फुल बॉडी पॅकेज’! सकाळी सातला एक मुलगा बाइकवरून येतो, तीन-चार रंगांच्या टोप्यांच्या ट्यूबमध्ये रक्त घेतो आणि रात्रीपर्यंत आपल्या फोनवर अठरा पानांची पीडीएफ येऊन पडते. कुठे लाल, कुठे हिरवं. आपण ऑफिसच्या कॅबमध्ये बसल्याबसल्या ती वर-खाली स्क्रोल करतो. हिरवं जास्त दिसलं की फॅमिली ग्रुपवर टाकतो, ‘ऑल नॉर्मल’. खाली सात अंगठे, दोन नमस्कार. पुढच्या वाढदिवसापर्यंत आपण मोकळे.

माझी आई ७२ वर्षांची आहे. डोंबिवलीला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये एकटी राहते आणि तिथेच राहणार म्हणते. मी पुण्यात, दादा टोरांटोला. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि दहा-बारा दिवस अंथरुणात गेले. ताप उतरला, प्लेटलेट्स वर आल्या, पण आई काही पहिल्यासारखी झाली नाही. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायला लागली. लोणच्याच्या बरणीचं झाकण शेजारच्या वहिनींकडून उघडून आणायला लागली. भाजी आणायला स्टेशनपर्यंत जाणारी बाई खालच्या भाजीवाल्याला बाल्कनीतून हाका मारायला लागली.

आणि रिपोर्ट? ऑल नॉर्मल.

व्हिडिओ कॉलवर आम्हा भावांची जुंपली. दादाचं म्हणणं, ‘अरे, सगळं हिरवं आहे. वय झालंय, थोडा अशक्तपणा येणारच. तू उगाच तिला घाबरवू नकोस.’ माझं म्हणणं, ती जिन्यात पडली तर काय करायचं? तिला पुण्याला आणायचं की तिथेच ठेवायचं, हा खरा प्रश्न होता. दादाकडे अठरा पानं होती, माझ्याकडे एक बरणी. साहजिकच दादा जिंकत होता.

मग मी ती अठरा पानं नीट वाचायला घेतली. एक्सेल शीट वाचायची सवय इथे कामाला आली.

आईला जे झालंय असा मला संशय होता, त्याला नाव आहे: सार्कोपेनिया. वय वाढताना स्नायूंचं मांस आणि त्यातली ताकद झिजत जाणं. अर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८९ मध्ये हे नाव छापलं. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस, ‘पेनिया’ म्हणजे तुटवडा. नाव दिल्याशिवाय या गोष्टीकडे कोणी लक्ष देणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तरी अमेरिकेत त्याला आजार म्हणून स्वतंत्र कोड मिळायला २०१६ उजाडलं. तोपर्यंत ते ‘म्हातारपण’ याच खात्यात जमा होत होतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत अजून होतं.

तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात असं मानतात, साठीनंतर वेग आणखी वाढतो. (हो, तिशीनंतर. तुम्ही हे वाचता वाचता खुर्चीत जरा सरळ बसलात ना?) आणि ताकद तर मांसाच्याही पुढे धावत कमी होते. गंमत अशी, की वजनाच्या काट्याला यातलं काही कळत नाही. स्नायू जातो, त्याच्या जागी गुपचूप चरबी येऊन बसते आणि काटा म्हणतो, वा, वजन तेवढंच आहे.

या फसवणुकीचा सगळ्यात झकास पुरावा आपल्या पुण्यातला आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच दोन फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकसरांची २१.२ टक्के! दिसायला बारीक आणि आतून चरबीवाला, हा आपला टिपिकल भारतीय सांगाडा. म्हणजे स्नायूंच्या बँकेत आपलं खातं मुळातच लहान. त्यातून सत्तरीत पैसे काढायला लागलात तर बॅलन्स लवकर संपणारच.

तर अठरा पानं. शुगर जरा वर, पण ती आईची जुनी मैत्रीण, त्याची गोळी चालूच आहे. कोलेस्टेरॉल ठीक. थायरॉइड ठीक. आणि अकराव्या पानावर क्रिएटिनिन ०.५, शेजारी छोटासा निळा ‘एल’, म्हणजे लो. लाल नाही म्हणून कोणी थांबलंच नव्हतं. त्याच्याच खाली किडनीचा स्कोअर, ईजीएफआर, १००. बहात्तराव्या वर्षी सेंच्युरी! दादाने त्याच आकड्यावर बोट ठेवलं होतं, ‘बघ, किडनी तर आपल्यापेक्षा चांगली आहे.’

इथे जरा थांबू या, कारण खरी मेख याच पानात आहे.

क्रिएटिनिन म्हणजे किडनीची टेस्ट, एवढं आपल्याला पाठ असतं. पण क्रिएटिनिन किडनीत तयार होत नाही, ते स्नायूंत तयार होतं. आपल्या शरीरातलं बहुतेक सगळं क्रिएटिन स्नायूंमध्ये असतं. हे तेच क्रिएटिन, ज्याचा डबा तुमच्या जिममधला तो ट्रेनर विकत असतो. त्यातलं रोज साधारण दोन टक्के आपोआप मोडतं आणि क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतं. किडनी ते गाळून बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: कारखान्यातून किती माल येतोय आणि गाळणी किती साफ आहे. गाळणी तुंबली की आकडा वाढतो, हे सगळ्यांना माहीत. पण कारखानाच अर्धा बंद पडला तर? माल कमी, आकडा कमी. आणि लॅबचं कॉम्प्युटर खूश होऊन सांगतं, किडनी फर्स्ट क्लास! त्याला बिचाऱ्याला वय माहीत असतं, बाई की पुरुष ते माहीत असतं. बाईच्या मांड्या किती बारीक झाल्यात, ते माहीत नसतं.

म्हणजे दादा जो आकडा ‘सगळं छान आहे’ म्हणून दाखवत होता, तोच आकडा कदाचित माझ्या बाजूने बोलत होता.

‘कदाचित’ हा शब्द मुद्दाम घातलाय. क्रिएटिनिन कमी दिसायला दुसरी कारणंही असतात. मांस-मच्छी खाणाऱ्यांचा आकडा जरा वर असतो, शाकाहारी माणसाचा खाली. आई पक्की शाकाहारी, अंड्याच्या भांड्यालाही वेगळी घासणी. तेव्हा नुसत्या ०.५ वरून ‘स्नायू गेले’ म्हणणं म्हणजे ढग बघून छत्री हरवल्याची तक्रार करणं.

डोंबिवलीचे आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत, मोबाइलवर पीडीएफ दाखवली की चष्मा कपाळावर सरकवतात. त्यांनी आधी आईचा हात हातात घेतला आणि ‘दाबा जोरात’ म्हणाले. मग पोटरी चाचपली. मग म्हणाले, सिस्टॅटिन-सी करून घ्या.

हे सिस्टॅटिन-सी प्रकरण मस्त आहे. तेसुद्धा किडनीच गाळते, पण ते स्नायूंच्या कारखान्यात बनत नाही. शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी थोडं थोडं बनवतात. म्हणजे माल सगळीकडून सारखा येतो आणि स्नायू घटले म्हणून आकडा पडत नाही. पॅकेजमध्ये ही टेस्ट सहसा नसते, वेगळे पैसे पडतात. आईचा आकडा आला १.१. त्यावरून काढलेला किडनीचा स्कोअर? ६१! एकाच बाईच्या त्याच दोन किडन्या, एका टेस्टमध्ये सेंच्युरी आणि दुसरीत एकसष्ट. डॉक्टर म्हणाले, खरं उत्तर मधे कुठेतरी असेल. सिस्टॅटिनचेही नखरे आहेत. स्टेरॉइड, थायरॉइड, लठ्ठपणा, अंगातली सूज, सिगारेट, यांनी तो आकडा हलतो. पण दोन आकड्यांमध्ये एवढी फट पडली, की क्रिएटिनिनवर भरवसा ठेवू नये एवढं नक्की.

त्या फटीचाही कोणीतरी उपयोग केलाच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये आयसीयूतल्या पेशंट्सवर एक साधा भागाकार करून पाहिला. क्रिएटिनिन भागिले सिस्टॅटिन-सी, गुणिले शंभर. किडनी कशीही असली तरी ती दोन्ही आकड्यांना सारखीच ढकलते, म्हणून भागाकारात ती बरीचशी उडून जाते आणि उरतो तो स्नायूंचा अंदाज. त्याचं नाव ठेवलं ‘सार्कोपेनिया इंडेक्स’. आकडा जितका खाली, स्नायू तितके कमी. आईचा साधारण ४५ येतो. मी लगेच गूगल करायला धावलो की पास किती आणि नापास किती. तर प्रत्येक देशाची, प्रत्येक अभ्यासाची रेघ वेगळी. त्यामुळे हा आकडा ‘बघा जरा’ एवढंच म्हणतो, निकाल देत नाही. तरी मला विचाराल तर, सीनियर सिटिझन पॅकेजमधल्या निम्म्या टेस्ट काढून ही एक घालायला हवी. त्या पॅकेजमध्ये काय काय भरलेलं असतं हे एकदा बघाच, चायनीज भेळ परवडली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सायन्स पुढे गेलंय, शुगरसाठी एचबीए१सी आहे, तशी स्नायूंसाठी एकच सरळ टेस्ट का नाही? शोधणारे शोधतायत. आणि या शोधात किस्सेही आहेत.

उंदरांचा किस्सा ऐका. म्हातारा उंदीर आणि तरुण उंदीर यांना शिवून एकत्र जोडायचं, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांत फिरतं. (आपल्याकडे ययातीने हे शिवणकाम न करता केलं होतं.) हार्वर्डच्या एमी वेजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सांगितलं, की तरुण रक्तात जीडीएफ-११ नावाचं एक प्रथिन जास्त असतं, वयानुसार ते घटतं, आणि म्हाताऱ्या उंदराला ते परत दिलं की हृदय तरुण दिसायला लागतं. २०१४ मध्ये स्नायूंबद्दलही तसंच जाहीर झालं. हेडलाइन्सच हेडलाइन्स. आणि २०१५ मध्ये नोव्हार्टिस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी टाचणी लावली. म्हणाले, तुम्ही ज्या टेस्टने जीडीएफ-११ मोजलंत, ती टेस्ट त्याच्या जुळ्या भावासारख्या मायोस्टॅटिनलाही पकडते. आणि जीडीएफ-११ जास्त दिलं तर स्नायू दुरुस्त व्हायच्या ऐवजी दुरुस्ती अडते! वाद पुढेही चालला. पण रक्तातल्या एका प्रथिनावर म्हातारपण मोजायला निघालं की काय होतं, त्याचा हा नमुना.

तो भाऊ मायोस्टॅटिन स्वतः कमी नाही. १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याचं जनुक बंद केलेले उंदीर दंडाधिकारी झाले, अक्षरशः. बेल्जियन ब्लू जातीचे ते दारासिंग छाप बैल पाहिलेत का कधी? त्यांच्यात हेच जनुक बिघडलेलं असतं. मायोस्टॅटिन म्हणजे स्नायूंच्या वाढीचा ब्रेक. मग वाटेल, म्हाताऱ्यांच्या रक्तात ब्रेक जास्त असणार. काही अभ्यासांत जास्त निघाला, काहींत कमी. कारण ब्रेक बनवतो कोण? स्नायूच. स्नायू कमी तर ब्रेकही कमी. पुन्हा तोच कारखान्याचा घोळ.

दुसरी टोळी सुजेच्या मागे आहे. वय वाढतं तशी शरीरात एक मंद, न दिसणारी सूज पेटत राहते. आयएल-६, टीएनएफ-अल्फा, सीआरपी हे तिचे निखारे. ज्यांच्या रक्तात आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा जास्त, त्यांचे स्नायू आणि पकड कमी, असं अमेरिकेतल्या सत्तरीच्या हजारो लोकांच्या पाहणीत २००२ मध्ये दिसलं. पण सीआरपी सर्दीने वाढतं, दाढ ठणकली तरी वाढतं. आणि आयएल-६ तर डबल रोलमध्ये. व्यायाम करताना स्नायू स्वतःच ते रक्तात सोडतात आणि तेव्हा ते चांगल्या कामाचं असतं. सिनेमात जुळे असले की निदान एकाच्या गालावर तीळ तरी दाखवतात.

नस जिथे स्नायूला जोडली जाते तिथला सांधा ढिला झाला की अ‍ॅग्रिन नावाच्या प्रथिनाचा तुकडा रक्तात वाहून येतो, तो मोजायचेही प्रयत्न चालू आहेत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने सार्कोपेनियाची व्याख्या २०१८ मध्ये नव्याने लिहिली, तेव्हा स्पष्टच सांगितलं, की एकच एक मार्कर सापडण्याची शक्यता कमी आहे, बऱ्याच आकड्यांचा मिळून एक पॅनेल लागेल. कारण स्नायू एका कारणाने जात नाहीत. न खाण्याने जातात, न हलण्याने जातात, सुजेने जातात, हार्मोन्स घटल्याने जातात, नसा सुटल्याने जातात. आईचे बरेचसे गेले अंथरुणाने.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत बारा धडधाकट ज्येष्ठांना, सरासरी वय ६७, दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं. आजार काही नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत पायांतलं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वजन गेलं. दहा दिवस! आमच्याकडे तर वर डेंग्यू होता आणि जेवण म्हणजे पेज. आणि आम्ही सगळे काय करत होतो? ‘आई, तू उठू नकोस, मी देतो पाणी.’ हॉस्पिटलमध्ये तर उठल्याबद्दल ती ओरडाही खात होती.

मग रक्त सोडून दुसरं काय? इथे डॉक्टरांनी जे केलं ते इतकं स्वस्त होतं, की मला जरा अपमानच वाटला. त्यांनी पेशंटच्या रांगेतली बिनहाताची खुर्ची ओढली आणि म्हणाले, हाताची घडी छातीवर, पाच वेळा उठा-बसा, जमेल तितक्या भराभर. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये रेघ आखली होती ती १२ सेकंदांची. तेवढी किंवा जास्त लागली तर सावध व्हायचं. आईला १७ लागली, आणि चौथ्या वेळी हात सुटून खुर्चीला गेलाच. मग शिंप्याची टेप. पोटरीचा घेर बायकांचा ३३ सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचा ३४ च्या आत असला तर शंका घ्यावी. आईचा ३१. हाताची पकड मोजायला एक यंत्र असतं, बायकांना १८ किलो आणि पुरुषांना २८ किलोच्या खाली गेली तर कमी. ते पुढे फिजिओथेरपिस्टकडे मोजलं. १४.

पकड ही फालतू गोष्ट नाही, मंडळी. १७ देशांतल्या, त्यात भारतही होता, साधारण १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून काही वर्षं मागोवा घेतला होता. २०१५ मध्ये निकाल छापला: पकड दर ५ किलोने कमी, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. वरच्या ब्लडप्रेशरपेक्षाही पकड जास्त बोलकी निघाली. आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर ज्येष्ठांची मोठी पाहणी केली, २०१७-१८ मध्ये, तेव्हा पंचेचाळिशीपुढच्या लोकांच्या हातात हेच यंत्र दिलं होतं. आपल्या घरात मात्र बीपीचं मशीन असतं, शुगरचं असतं, ऑक्सिमीटर तर दोन-दोन पडलेले असतात. हे नसतं. बरं, लोणच्याची बरणी असते.

त्या संध्याकाळी मी दादाला सतरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. पीडीएफ नाही, व्हिडिओ. त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग विचारलं, ‘खुर्ची किती उंच होती?’ इंजिनियर माणूस. पण आवाज बदलला होता.

आता औषध. पहिली गोष्ट, डॉक्टरांनी आईच्या डब्यातल्या गुडघेदुखीच्या पेनकिलर गोळ्या बाजूला काढल्या. ती ‘शेजारच्यांनाही लागू पडली’ म्हणून मनानेच घेत होती. किडनी शंभरची समजून चाललं असतं, पण एकसष्टची असू शकते म्हटल्यावर नाही. शुगरची गोळी तशीच राहिली. स्नायूंची टेस्ट शोधायला गेलो, किडनीचं खरं चित्र हाती लागलं, हा बोनस.

दुसरी गोष्ट, ‘काही टॉनिक-बिनिक?’ हा दादाचा प्रश्न. मायोस्टॅटिनचा रस्ता अडवणारं बायमॅग्रुमॅब नावाचं औषध सार्कोपेनियाच्या ज्येष्ठांना देऊन पाहिलं होतं. २०२० मध्ये निकाल आला. स्नायू वाढले, पण उठण्या-चालण्याच्या परीक्षेत औषध न मिळालेल्या गटापेक्षा मार्क जास्त नाहीत. कारण दोन्ही गटांना व्यायाम आणि नीट आहार दिला होता, आणि औषध न मिळालेलेही सुधारले! ‘डी’ जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढायचंच, पण एकदम मोठ्या डोसचा मोह वाईट. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिली, तर त्या जास्त पडल्या, असं २०१० मध्ये छापून आलं.

आणि तिसरी गोष्ट, वजन उचलणं. हे ऐकून आई हसली. मी तिला बोस्टनची गोष्ट सांगितली. १९९० मध्ये मारिया फिआटारोन नावाच्या डॉक्टरबाईंनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, सरासरी वय ९०, आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. पुढे १९९४ मध्ये त्यांनी शंभर जणांवर पाहिलं, की नुसतं पौष्टिक पेय दिलं तर ताकद वाढत नाही, व्यायामाने वाढते. आई म्हणाली, ‘नव्वदीच्या बायका? मग मी तर लहानच आहे.’

फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून दोनदा येते. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करायचा, खुर्चीतून हात न लावता उठायचं, ओट्याला धरून टाचा उचलायच्या. वाळू दर पंधरा दिवसांनी वाढते. ‘चालते की मी रोज’ हे उत्तर ती मुलगी मान्य करत नाही. चालणं हृदयाला चांगलं, पण मांडीला काहीतरी जड लागल्याशिवाय ती जागी होत नाही.

जेवणावरून जास्त भांडणं झाली. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिन हवं, असं तज्ज्ञ म्हणतात. किडनी फार अधू असेल तर नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. आईचं वजन ५० किलो, म्हणजे रोज ५० ते ६० ग्रॅम. तिचा दिवस काय? सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, रात्री मऊ भात. ‘वरण असतं की रोज!’ हो, पण ते वरण इतकं पातळ, की त्यात डाळ पोहायला शिकली असती. आता वरण घट्ट झालंय, नाश्त्याला मुगाचं धिरडं, दुपारी वाटीभर दही, रात्री पनीर किंवा भिजवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची भाजी. अंड्याचा प्रस्ताव पहिल्याच मिनिटाला फेटाळण्यात आला.

जाता जाता तुमच्यासाठी एक. वजन उतरवायची ती साप्ताहिक इंजेक्शनं आपल्या ऑफिसांत आता चहाच्या गप्पांत आली आहेत. त्यांनी उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. तेव्हा इंजेक्शनबरोबर डंबेल नसेल, तर तुम्ही पस्तिशीत सत्तरीचा हप्ता आधीच भरताय. ट्रेनर सांगेल तो क्रिएटिनचा डबा घेत असाल तर लॅबवाल्याला जरूर सांगा, तुमचं क्रिएटिनिन वर दिसेल आणि उगाच किडनीवर आळ येईल. आईच्या अगदी उलट.

साडेचार महिने झाले. परवा मोजलं, पाच उठा-बशा १३.४ सेकंदांत, हात न लावता. बाराच्या आत अजून नाही. पकड १६. सिस्टॅटिन पुन्हा करायची आहे, पण सहा महिन्यांनी. पुण्याला यायचं की नाही यावर मतदान झालं, दोन विरुद्ध एक. दादाने आईच्या बाजूने मत दिलं. अट एकच, जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही धरायला कठडा हवा. आईने सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिलाय, आणि तो स्वतः दोन जिने उतरून, समोरच्या विंगचे दोन चढून नेऊन दिलाय. पुढच्या मीटिंगमध्ये तो विषय क्रमांक सात आहे. विषय क्रमांक सहा पार्किंग आहे, म्हणजे कठड्याला अजून दोन मीटिंगा तरी जाणार.